खुनी कोण, ते नंतर बघू

रहस्यकथा, कॉमिक्स आणि गुन्ह्यांच्या मालिका यांबद्दलच्या वाचकांच्या प्रश्नांना डोंबिवलीच्या माजी लायब्ररीवाल्या काकूंची उत्तरं

प्रश्न : काकू, वडिलांचं चिपळूणचं घर रिकामं करताना माळ्यावरच्या ट्रंकेत इंद्रजाल कॉमिक्सचा गठ्ठा सापडला. वेताळ, मॅन्ड्रेक, बहादूर सगळे आहेत. पानं पिवळी पडलीत, काहींना कसर लागलीय. लॅमिनेट करून घेऊ का? आणि विकायचे झाले तर भाव कसा ठरतो?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : लॅमिनेशनच्या दुकानाची पायरीसुद्धा चढू नका. एकदा गरम करून चिकटवलेलं प्लॅस्टिक पुन्हा निघत नाही आणि आतला कागद खराब व्हायचा थांबतही नाही. हे अंक टाइम्स ऑफ इंडियाच्या कंपनीनं मार्च १९६४ पासून १९९० पर्यंत काढले. सुरुवातीची किंमत ६० पैसे. त्या पैशात कागद मिळायचा तो वर्तमानपत्राच्या जातीचा, लाकडाच्या लगद्याचा. त्यात लिग्निन हे लाकडातलं द्रव्य असतं. उजेड आणि हवा लागली की ते पिवळं पडतं, कागदात आम्ल वाढतं, आणि मग पान दुमडलं की कोपरा हातात येतो. झालेलं नुकसान भरून निघत नाही. पुढचं मात्र बरंच लांबवता येतं.

आधी कसरीचं बघा, नाहीतर ती तुमच्या ठाण्याच्या कपाटातली बाकीची पुस्तकंही खाईल. अंक हवाबंद पिशवीत घालून दोन आठवडे डीप फ्रीझरमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, घरातल्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर पानांवर दव धरेल. मग मऊ ब्रशनं एकेक अंक झटका. फाटलेल्या पानांना सेलोटेप लावायचा मोह होईल. तो आवरा. काही वर्षांनी टेप गळून पडते आणि चिकटा तपकिरी डाग होऊन कायमचा राहतो. साध्या पीव्हीसीच्या पिशव्याही नकोत, पॉलिप्रॉपिलीनच्या घ्या. अंक आडवे ठेवा, अंधारात, जमिनीपासून वर. सोबत सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि पावसाळ्यानंतर त्या बदला. चिपळूणच्या दमट हवेत एवढी वर्षं टिकले, म्हणजे ट्रंक चांगली होती. तीही टाकू नका.

भाव ठरताना बघतात ते एवढंच : अंक किती जुना, मुखपृष्ठ शाबूत आहे का, आणि मधली जोडपानं पिनांसकट जागेवर आहेत का. त्या मधल्या पानांवर पोरांचा फार डोळा असायचा, त्यामुळे तीच आधी तपासा. वडिलांनी आत नाव लिहिलं असेल तर खोडरबर लावू नका. आणि विकण्याआधी निदान बहादूर तरी वाचून काढा. आबिद सुरती यांनी १९७६ मध्ये उभा केलेला तो नायक कुर्ता आणि जीन्स घालून चंबळकडच्या डाकूंच्या मागे लागायचा. परदेशी चित्रपट्ट्यांच्या गर्दीत आपला वाटावा असा तो एकटाच होता.

प्रश्न : सासरे म्हणतात वेताळाचा पोशाख निळा होता, मी म्हणतो जांभळा. पैज लागली आहे. कोण जिंकलं?
— एक जावई, बेळगाव

उत्तर : जावईबापू, पैशांची पैज असेल तर दोघांनी मिळून मिसळ खा, कारण दोघंही बरोबर आहात. इंद्रजालच्या अगदी सुरुवातीच्या अंकांत पोशाख निळा होता, पुढे जांभळा झाला. सासऱ्यांनी पहिल्यापासून वाचलंय, हे यातून सिद्ध होतं. त्यांना मान द्या.

मुळात वेताळाचे निर्माते ली फॉक यांच्या मनात राखाडी रंग होता. फेब्रुवारी १९३६ मध्ये चित्रपट्टी सुरू झाली ती काळ्यापांढऱ्यात, त्यामुळे कुणाला काही फरक पडला नाही. मे १९३९ मध्ये रविवारची रंगीत पुरवणी आली तेव्हा रंग भरला गेला जांभळा, आणि तोच कायम झाला. इटलीत हाच माणूस लाल कपड्यांत हिंडतो आणि स्वीडनमध्ये निळ्या. घनदाट जंगलात जांभळा पोशाख घालून लपणं कसं जमतं, हा प्रश्न लायब्ररीत मला मुलं विचारायची. मोठ्या माणसांनी कधी विचारला नाही.

प्रश्न : माझा मुलगा आठवीत आहे. ‘डिटेक्टिव्ह कोनन’ ही जपानी मालिका बघतो, तिचीच मंगा, म्हणजे जपानी कॉमिक्स, वाचतो. मराठी मात्र वाचत नाही. जवळजवळ प्रत्येक गोष्टीत एक खून. परवा जेवताना विचारतो, “आई, सायनाइडला कडू बदामाचा वास येतो ना?” काळजी करावी का?
— एक आई, कोल्हापूर

उत्तर : येतो, पण सगळ्यांना येत नाही. तो वास ओळखण्याची क्षमता काही लोकांत जन्मतःच नसते. त्याला हे सांगा, तुमची पत घरात एकदम वाढेल.

काळजीचं म्हणाल तर ती तुमच्या आधी अख्ख्या अमेरिकेनं करून झाली आहे. तिथे १९४० च्या दशकात गुन्हेगारीच्या कॉमिक्सचा पूर आला होता. मग फ्रेडरिक वर्थम नावाच्या मनोविकारतज्ज्ञानं १९५४ मध्ये पुस्तक लिहून सांगितलं की कॉमिक्स वाचून मुलं बिघडतात. त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये सिनेटच्या उपसमितीपुढे सुनावणी झाली. विल्यम गेन्स हे प्रकाशक साक्षीला गेले. एका हातात कुऱ्हाड, दुसऱ्या हातात बाईचं तुटलेलं मुंडकं, असं त्यांच्या एका अंकाचं मुखपृष्ठ समोर धरून विचारलं गेलं, हे अभिरुचीला धरून आहे का? गेन्स म्हणाले, हो, भयकथेच्या अंकाच्या मानानं आहे. मुंडकं जरा वर धरून मानेतून ठिबकणारं रक्त दाखवलं असतं तर वाईट झालं असतं, अशी पुस्तीही त्यांनी जोडली. अशा उत्तरानंतर कुणाची सुटका होणार!

प्रकाशकांनी मग घाबरून स्वतःच आचारसंहिता केली. गुन्हेगाराबद्दल सहानुभूती वाटता कामा नये, पोलिसांचा मान राखायचा, शेवटी चांगल्याचाच जय व्हायचा. ही संहिता पाळल्याचा शिक्का नसलेले अंक विक्रेते ठेवीनात. गेन्स यांच्या भयकथा आणि गुन्हेकथा बंद पडल्या. शेवटच्या प्रकाशकांनी ही संहिता सोडली ती थेट २०११ मध्ये.

आणि वर्थम? त्यांची कागदपत्रं अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं संशोधकांना खुली केल्यावर कॅरल टिली या अभ्यासक बाईंनी ती तपासली. मुलांची वयं बदललेली, अनेक मुलांची वाक्यं एकाच्या तोंडी घातलेली, घरातल्या मारहाणीसारखी कारणं गाळलेली, असं त्यांनी २०१२ मध्ये दाखवून दिलं. अर्ध्या शतकापेक्षा जास्त काळ ज्या पुराव्यावर मुलांच्या हातची पुस्तकं काढून घेतली, त्या पुराव्यातच खाडाखोड होती. रहस्यकथा म्हणून छापावी अशी ही गोष्ट आहे.

तुमच्या मुलाकडे वळू. कोनन १९९४ पासून चालू आहे, शंभराहून जास्त खंड झालेत. त्यात खून हा कोड्याचा पहिला आकडा असतो, रक्तात लोळणं नसतं. बंद खोली, दोरा, बर्फ, आगगाडीचं वेळापत्रक, असला मामला. मंगाच्या प्रत्येक खंडाच्या शेवटी लेखक गोशो आओयामा जगातल्या एका काल्पनिक गुप्तहेराची ओळख करून देतात. पहिल्याच खंडात शेरलॉक होम्स आहे. ती पानं मुलं ओलांडून जातात. तुम्ही थांबा आणि वाचा, पुढच्या वाढदिवसाची पुस्तकं तिथेच ठरतील. मराठी वाचत नाही म्हणता, तर भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे टेबलावर नुसता टाकून ठेवा. “वाच” म्हणू नका. फुरसुंगीचा बन्या सायकलवर टांग टाकून “ट्टॉक!” करेपर्यंत धीर धरा. अक्षरं लावायला कंटाळत असेल तर पहिलं प्रकरण तुम्ही मोठ्यानं वाचा आणि ऐन रंगात आल्यावर भाजी बघायला उठा.

प्रश्न : रहस्यकथाकार बाबूराव अर्नाळकरांना साहित्यिक म्हणायचं का? आमच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर यावरून अबोला झाला आहे.
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : हजारावर पुस्तकं लिहिणाऱ्या माणसाची सगळी पुस्तकं उत्तम असणं शक्य नाही, आणि सगळी टाकाऊ असणंही शक्य नाही. झुंजार आणि काळा पहाड यांच्या गोष्टी सलग तीन वाचल्या तर सांगाडा दिसायला लागतो. एकेक वाचली, तीही रात्री जेवणानंतर, तर आजही पान उलटतं. वाक्य छोटं ठेवणं आणि प्रकरण नेमक्या जागी तोडणं, हे त्यांना ज्या सफाईनं जमायचं ते आमच्या पुरस्कारवाल्या बऱ्याच मंडळींना जमत नाही. आमच्याकडे त्यांच्या पुस्तकांची बांधणी परत परत करून घ्यावी लागायची. अबोला सोडा, एकेक पुस्तक घ्या, वाचा आणि मग भांडा.

प्रश्न : मी बँकेतून निवृत्त झालो, आता रहस्यकथा लिहितो. एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी कथा परत पाठवली. शेरा : “खुनी तिसऱ्या पानावर कळतो.” खुनी लपवायचा कसा?
— एक होतकरू लेखक, अकोला

उत्तर : लपवायला गेलात म्हणून सापडला. आमच्या लायब्ररीत वाचक पुस्तकांच्या समासात पेन्सिलीनं अंदाज लिहायचे, “हाच तो”, “भाचा नाही, डॉक्टर बघा” वगैरे. परत आलेली पुस्तकं चाळताना मला कळलं की लोक पुराव्यावरून खुनी ओळखतच नाहीत. ते बघतात की कथेत काही काम नसलेला माणूस कोण आहे. एखादे शेजारचे काका उगाच येतात, चहा घेतात, हवापाण्याचं बोलून जातात. वाचक लगेच म्हणतो, लेखकानं या माणसाला चहा फुकट पाजलेला नाही. तेव्हा तुमच्या खुन्याला कथेत दुसरं खरंखुरं काम द्या. तो कर्जाला जामीन राहिलेला असू दे, नायिकेचं लग्न जमवणारा असू दे, नाहीतर सोसायटीच्या पाण्याच्या टाकीवरून सेक्रेटरीशी भांडणारा. त्या कामासाठी तो कथेत आहे असं वाटलं की वाचकाची नजर पुढे सरकते.

दुवा द्यायचा तो गुन्हा घडण्याआधी द्या. तेव्हा वाचक अजून शोधायला लागलेला नसतो. यादीत द्यायचा तर मधोमध द्या. शेवटची वस्तू सगळ्यांच्या लक्षात राहते. विनोदात दडवता आला तर सोन्याहून पिवळं, कारण हसताना कुणी हिशेब ठेवत नाही. बँकेत होतात ना? मग तुमच्याकडे सही, लॉकर, वारस, बंद पडलेली खाती असा भरपूर माल आहे. शहरातला इन्स्पेक्टर आणि त्याचा सिगारेट ओढणारा साहाय्यक कशाला आणता?

रोनाल्ड नॉक्स या इंग्लिश धर्मगुरूंनी १९२९ मध्ये रहस्यकथेचे दहा नियम केले. खुनी कथेत लवकर यायला हवा, गुप्त खोली एकापेक्षा जास्त नको, जुळा भाऊ अचानक उगवता कामा नये, असे. थोडे थट्टेचे, पण जुळ्या भावाचा आमच्याकडच्या लेखकांनी भिंतीवर लावावा असा. नियम म्हणजे काही पोलीस ठाण्यातलं कलम नव्हे. अगाथा ख्रिस्तींनी १९२६ च्या ‘द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड’मध्ये असा डाव टाकला की ही फसवणूक आहे, अशी ओरड झाली. डाव काय ते सांगणार नाही. वाचला नसेल तर पुढची कथा लिहिण्याआधी वाचा, आणि संपल्यावर लगेच पुन्हा पहिल्या पानापासून वाचा. ती बाई तुमच्याशी एकदाही खोटं बोललेली नाही, हे तेव्हा दिसेल.

मोबाईल आणि सीसीटीव्हीमुळे हल्ली रहस्य लिहिता येत नाही, ही तक्रार बरेच लेखक करतात. मला ती आळशीपणाची वाटते. फोन कुठे होता ते टॉवर सांगतो, माणूस कुठे होता ते नाही. कर्जत लोकलच्या बाकाखाली ठेवलेला फोन मालक घरी बसलेला असताना कर्जतला पोचतो. घ्या, हे फुकट दिलं.

प्रश्न : माझी बायको रहस्यकथेचं शेवटचं पान आधी वाचते आणि मग निवांत पहिल्यापासून सुरू करते. मला हे अनैतिक वाटतं. तुमचा निकाल द्या.
— एक त्रस्त नवरा, पुणे

उत्तर : कॅलिफोर्नियातल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये यावर प्रयोगच केला होता. काही वाचकांना गोष्टीचा शेवट आधी सांगितला, काहींना नाही. ज्यांना सांगितला त्यांना गोष्टी सरासरीनं जास्त आवडल्या, आणि त्यांत रहस्यकथाही होत्या. नंतरच्या काही प्रयोगांतून उलटंही निघालं, तेव्हा एवढ्यावर घरात विजय जाहीर करायला नको, हे वहिनींना सांगा.

पण वहिनींच्या पद्धतीला साहित्यात जुनं घराणं आहे. ऑस्टिन फ्रीमन या इंग्लिश लेखकानं १९१२ च्या संग्रहात गोष्टीच उलट्या लिहिल्या. आधी गुन्हा घडताना दाखवायचा, करणारा दाखवायचा, आणि मग त्याचा गुप्तहेर तो कसा उलगडतो ते. पुढे अमेरिकी टीव्हीवरच्या कोलंबोनं हेच केलं. मळका रेनकोट घातलेला तो पोलीस दाराशी जाऊन परत वळतो आणि म्हणतो, अजून एकच गोष्ट विचारायची होती. खुनी कोण ते आपल्याला पहिल्या काही मिनिटांत कळलेलं असतं, तरी आपण हलत नाही.

काउंटरवर उभ्याउभ्या शेवट वाचून पुस्तक न घेता जाणाऱ्या गिऱ्हाइकांवर माझा राग होता, पण तो धंद्याचा होता. वहिनी निदान पूर्ण पुस्तक वाचतात. अट एकच घाला : शेवट वाचल्यावर तुमच्याकडे बघून हसायचं नाही. आणि घरात प्रत एकच येत असेल, तर आधी तुम्ही वाचा.