राष्ट्रे परराष्ट्र धोरणाचे निर्णय विवेकाने घेतात का?

राष्ट्रे बहुधा हेतू ठेवून वागतात, पण ती नेहमी विवेकानेच वागतात असे म्हणता येणार नाही. मात्र निर्णय फसला म्हणून तो अविवेकी ठरत नाही. हाती असलेल्या माहितीवरून पर्याय आणि परिणाम तोलले गेले होते का, एवढेच पाहायचे असते. १९४१ मध्ये अमेरिकेने तेलपुरवठा तोडल्यावर जपानने युद्धाचा मार्ग धरला, तेव्हा अमेरिकेची औद्योगिक ताकद आपल्यापेक्षा कितीतरी मोठी आहे हे तिथल्या नेतृत्वाला ठाऊक होते. तरीही चीनच्या व्यापलेल्या प्रदेशातून अमेरिकेच्या मागणीप्रमाणे माघार घेण्यापेक्षा हा जुगार त्यांना परवडणारा वाटला. हिशेब झाला होता, पण प्रतिष्ठेला त्यात अवाजवी वजन मिळाले, असे माझे मत आहे.

दुसरी, आणि मला अधिक महत्त्वाची वाटणारी अडचण म्हणजे राष्ट्राला एकच डोके नसते. १९६२ मध्ये सोव्हिएत संघाने कमालीची गुप्तता पाळून क्युबात क्षेपणास्त्रे पोहोचवली. तिथे तळ उभारताना मात्र सैन्याने ते पुरेसे झाकलेच नाहीत आणि अमेरिकेच्या यू-२ या टेहळणी विमानाने टिपलेल्या छायाचित्रांत ते उघडे पडले. अशा विसंगतीमागे खोल डाव शोधण्यापूर्वी यंत्रणांच्या ठरावीक कार्यपद्धती आणि आपसातील ओढाताण तपासावी.