बायको एएस, नवरा सिकल निगेटिव्ह? एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगवेगळे मोजणारी रक्ततपासणी) झाल्याशिवाय निश्चिंत होऊ नका

दादा, तुमची पोस्ट वाचली. बायको एएस, म्हणजे सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची वाहक, तुमची सिकलची चिठ्ठी निगेटिव्ह, गरोदरपणाचा आठवा आठवडा सुरू, केंद्रातल्या मॅडम म्हणाल्या 'एकच जण वाहक आहे, बाळाला काही होत नाही', आणि सासरे म्हणतात आता आणखी सुया कशाला टोचून घेता. सासऱ्यांचं राहू द्या. तुम्ही खाली स्वतःच्या सीबीसीचा (रक्तपेशींच्या मोजणीचा) फोटो जोडलाय, हिमोग्लोबिन १२.८, आरबीसी (तांबड्या पेशी) ६.४, एमसीव्ही (तांबड्या पेशीचा सरासरी आकार) ६६, आणि विचारलंय की लोहाच्या गोळ्या सुरू करू का. तो फोटो बघून लिहायला बसले. माझ्या नवऱ्याच्या जुन्या रिपोर्टावर जवळजवळ असेच आकडे होते आणि कोणी त्यांच्याकडे ढुंकून बघितलं नव्हतं.

आधीच सांगते, मी डॉक्टर नाही. मुलीच्या आजारपणात जे वाचलं, विचारलं, भांडून मिळवलं तेवढंच माझ्याकडे आहे. कुठे चुकत असेन तर इथले डॉक्टर सभासद दुरुस्त करतील. दोघंही एएस असले की दर गरोदरपणात चारात एक मूल एसएस, म्हणजे प्रत्यक्ष सिकलचा आजार असलेलं, वगैरे तुम्हाला माहीत आहेच, ते परत लिहीत नाही.

केंद्रात सहसा जे सांगत नाहीत ते असं. सिकल आणि बीटा थॅलेसेमिया हे दोन निराळे आजार म्हणून आपण ऐकतो, पण दोन्ही बिघाड एकाच जनुकातले आहेत. अकराव्या गुणसूत्रावर एचबीबी नावाचं जनुक आहे, त्यावरून हिमोग्लोबिनमधलं बीटा ग्लोबिन बनतं. त्याची एक प्रत आईकडून येते, एक बापाकडून. सिकलमध्ये या जनुकातलं एक अक्षर बदललेलं असतं, त्यामुळे साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक ॲसिडऐवजी व्हॅलिन बसतं. हिमोग्लोबिन बनतं, पण ऑक्सिजन सोडला की ते एकमेकांना चिकटतं आणि पेशी वाकडी होते. बीटा थॅलेसेमियात त्याच जनुकात दुसऱ्या कुठल्यातरी जागी बिघाड असतो. असे बिघाड शेकड्यांनी सापडलेत, भारतात सगळ्यात जास्त दिसतो तो आयव्हीएस १-५ नावाचा. त्यात बीटा ग्लोबिन कमी बनतं, काही प्रकारांत अजिबात बनत नाही.

गावात पिठाच्या दोनच गिरण्या आहेत असं समजा. एएस माणसाची एक गिरणी भेसळीचं पीठ देते आणि दुसरी चांगलं, त्याचं भागतं. थॅलेसेमिया मायनरवाल्याची, म्हणजे थॅलेसेमियाच्या नुसत्या वाहकाची, एक गिरणी बंद आणि दुसरी चांगली चालते, पीठ जरा कमी पडतं पण त्याचंही भागतं. आता मुलाच्या वाट्याला आईची भेसळवाली आणि बापाची बंद पडलेली आली, तर घरात येईल ते सगळं पीठ भेसळीचंच. याला सिकल-बीटा थॅलेसेमिया म्हणतात. बापाकडची गिरणी पूर्ण बंद असेल (बीटा झिरो) तर आजार एसएससारखाच जातो. थोडीफार चालत असेल (बीटा प्लस) तर ती किती चालते त्यावर आजार किती जोर करणार हे ठरतं.

म्हणजे बाळाला आजार होण्यासाठी दोघंही *सिकलचे* वाहक असायला पाहिजेत असं नाही. दोघांचीही एचबीबीची एकेक प्रत बिघडलेली असली की पुरे. बिघाड वेगवेगळे असले तरी चालतात. हिमोग्लोबिन डी पंजाब म्हणून एक प्रकार आहे, तोही सिकलशी जोडी जमवतो.

आता तुमची निगेटिव्ह चिठ्ठी. ती बहुतेक सोल्युबिलिटी नावाच्या तपासणीची असणार. ती तपासणी मी जवळून बघितली आहे: छोट्या नळीतल्या द्रावणात रक्ताचा थेंब टाकतात, थोडं थांबतात आणि नळीमागे काळ्या रेघांचा कागद धरतात. रेघा आरपार दिसल्या तर निगेटिव्ह, द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर पॉझिटिव्ह. स्वस्त, झटपट, शिबिरात शेकडो लोकांची करता येते. त्या कामासाठी ती चांगलीच आहे, माझं तिच्याशी काही वैर नाही. पण ती फक्त सिकल हिमोग्लोबिन आहे की नाही एवढंच सांगते. एएस की एसएस तेसुद्धा तिला कळत नाही. थॅलेसेमिया तर तिला दिसतच नाही, कारण थॅलेसेमियावाल्याच्या रक्तात सिकल हिमोग्लोबिन नसतंच.

आमच्याकडे नेमकं इथेच घात झाला. लग्नानंतर आम्ही दोघं मुद्दाम तपासायला गेलो होतो, कारण माझा मामेभाऊ एसएस होता आणि घरात ती भीती होतीच. मी एएस निघाले. नवऱ्याच्या चिठ्ठीवर 'निगेटिव्ह' असा शिक्का मारून दिला आणि तोंडी सांगितलं, 'बिनधास्त राहा'. कुठली तपासणी केली, तिच्यात काय कळतं, काय कळत नाही, यातलं एक अक्षर त्या चिठ्ठीवर नव्हतं. सीबीसी त्याच जागी झालं होतं, त्यात एमसीव्ही ६४ होतं, शेजारी कमी म्हणून खूणसुद्धा छापलेली होती.

मुलगी जन्मली तेव्हा ठणठणीत. जन्मतः बाळात फीटल हिमोग्लोबिन भरपूर असतं, त्याला बीटा ग्लोबिन लागत नाही, म्हणून सुरुवातीचे काही महिने काहीच दिसत नाही. मग एक दिवस तिच्या दोन्ही हातांचे पंजे सुजले, इतके की आत्याने घातलेली चांदीची मनगटी निघेना, सोनाराकडून कापून घ्यावी लागली. पडली असेल, काही चावलं असेल, असं म्हणत हळद लावून झाली. नंतर ताप, मग पोट फुगलं, प्लीहा हाताला लागायला लागली. एचपीएलसी केलं. एचबीएस (सिकल हिमोग्लोबिन) भरपूर, एचबीएफ (फीटल) बऱ्यापैकी, एचबीए (नेहमीचं चांगलं) जवळजवळ शून्य. खाली छापील ओळ: 'एसएस पॅटर्न'.

आम्ही तो कागद घेऊन परत त्याच पहिल्या केंद्रात गेलो, की बापाचा रिपोर्ट निगेटिव्ह आहे तर मुलगी एसएस कशी? खिडकीतल्या माणसाने दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि माझ्या सासूबाईंसमोर म्हणाला, 'आमचा रिपोर्ट बरोबर आहे. मुलगी एसएस असेल तर बाप निगेटिव्ह असूच शकत नाही. बाकी तुमचं तुम्ही बघा.'

बाकी तुमचं तुम्ही बघा! त्या वाक्याने आमच्या घराचं काय झालं ते इथे लिहीत नाही, तुम्ही समजून घ्या. तापाने फणफणलेली पोर मांडीवर आणि मी स्वयंपाकघरात कोणाशी बोलायचं नाही. नवरा एक शब्द वाकडा बोलला नाही, पण गप्प गप्प असायचा, आणि ते गप्प राहणं मला बोलण्यापेक्षा जास्त लागायचं. मुलीचा आजार मी सोसला, त्याला इलाज नव्हता. पण हे सोसायचं काही कारण नव्हतं. त्या माणसाने 'नवऱ्याचं एचपीएलसी करून या' एवढे चार शब्द सांगितले असते तरी पुरलं असतं. माहीत नव्हतं तर 'मला माहीत नाही' म्हणायचं होतं. लेखी तक्रार दिली, पोच मिळाली, उत्तर नाही.

सुटका झाली ती मेडिकल कॉलेजमधल्या एका तरुण डॉक्टरमुळे. तिने मुलीच्या रिपोर्टात एचबीए२ (एरवी अगदी थोडं असणारं हिमोग्लोबिन) वाढलेलं आणि एमसीव्ही बरंच कमी बघितलं, आणि नवऱ्याला विचारलं, 'तुमचं जुनं सीबीसी आहे का?' फाईलमध्ये होतंच. बघता बघता म्हणाली, यांचं एचपीएलसी उद्याच करू. एचबीए२ आलं ५.४ टक्के. साडेतीनच्या वर गेलं की बीटा थॅलेसेमियाचा वाहक धरतात. पुढे डीएनए तपासणीत मुलीकडे एक प्रत माझी सिकलवाली आणि दुसरी नवऱ्याची थॅलेसेमियावाली, असं स्पष्ट आलं. सासूबाईंना तो कागद नवऱ्याने स्वतः वाचून दाखवला. तरी त्यांचं पालुपद चालूच, 'आपल्यात कुणी सिंधी नाही, थॅलेसेमिया आपल्यात येईलच कसा?' सिंधी, पंजाबी, लोहाणा समाजात प्रमाण जास्त आहे हे खरं, पण भारतात एकंदर शंभरात तीन-चार जण वाहक असतात, आणि जनुक जातीचा दाखला बघून येत नाही. विदर्भातही तीच गंमत आहे. सिकल म्हणजे अमक्यातमक्यांचा आजार असं ठरवून बाकीचे निवांत असतात.

तर दादा, तुमच्याकडे वळते. एमसीव्ही भागिले आरबीसी करा. ६६ भागिले ६.४ म्हणजे सुमारे १०.३. हा आकडा १३ च्या खाली असला तर थॅलेसेमिया मायनरचा संशय घेतात, वर असला तर लोहाच्या कमतरतेचा. हा फक्त अंदाज आहे, निदान नव्हे. पण लोह कमी असताना आरबीसी सहसा घटतात, तुमच्या तर वाढलेल्या आहेत. म्हणून फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) बघितल्याशिवाय स्वतःच्या मनाने लोहाच्या गोळ्या खाऊ नका. (बायकोला गरोदरपणात डॉक्टरांनी दिल्या असतील तर त्या बंद करायच्या नाहीत, दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत.)

उद्याच एचपीएलसी करून घ्या, तुमचं आणि बायकोचं दोघांचंही. गेल्या तीनेक महिन्यांत रक्त चढवलं असेल तर आधी सांगा, रिपोर्ट फसवा येतो. लोह खूपच कमी असेल तर एचबीए२ जरा खाली दिसू शकतं, आणि साडेतीनच्या आसपास लटकलेला आकडा आला तर 'नॉर्मल' म्हणून सोडू देऊ नका, डीएनए तपासणी मागा. रिपोर्टावरची खालची ओळ नंतर वाचा, आधी आकडे वाचा.

घाई का म्हणते ते सांगते. तुम्ही वाहक निघालात तर बाळ निरोगी, एएस, थॅलेसेमिया मायनर किंवा सिकल-थॅलेसेमिया, या चारही शक्यता सारख्याच, पंचवीस-पंचवीस टक्के. गर्भाची तपासणी वारेचा तुकडा घेऊन साधारण अकरा ते तेरा आठवड्यांत करतात, पण त्याआधी तुम्हा दोघांचे बिघाड नेमके कोणते ते डीएनएवरून कळायला लागतं, आणि त्याला वेळ जातो. ती वेळ हुकली तर सोळा आठवड्यांनंतर गर्भजलाची तपासणी असते. गर्भपाताचा थोडा धोका दोन्हींत असतो, तो डॉक्टरांकडून नीट समजून घ्या. लिंगनिदानाच्या कायद्याला घाबरून काही ठिकाणी 'आम्ही असलं करत नाही' म्हणून हाकलतात. हिमोग्लोबिनच्या आजारांसाठी ही तपासणी १९९४ च्या त्याच कायद्यात स्पष्टपणे मान्य आहे, त्यासाठी केंद्र नोंदणीकृत पाहिजे. मुंबईत परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) इम्युनोहिमॅटॉलॉजीची राष्ट्रीय संस्था आहे, चंद्रपूरलाही त्यांचं केंद्र आहे, तिथे चौकशी करा. पुढे काय करायचं हा निर्णय तुम्हा दोघांचा. त्यात मी बोलणार नाही आणि सासऱ्यांनीही बोलू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

गर्भाची तपासणी करायची नसेल तर निदान जन्मतःच बाळाचं एचपीएलसी करा. बाळाला सोल्युबिलिटी करू नका, फीटल हिमोग्लोबिनमुळे ती पहिले सहा महिने उपयोगाची नसते. आजार निघाला तर पेनिसिलिन आणि न्यूमोकोकलची लस वेळेवर सुरू होते. आमचे ते महिने वाया गेले. मुलगी आता शाळेत जाते, हायड्रॉक्सियुरिया हे औषध चालू आहे, दुखणी बरीच कमी झालीत. 'आपल्याकडची सिकल सौम्य असते' असं कुणी म्हटलं तर मात्र मान डोलावू नका. एचबीएफ जास्त असल्याने काहींची असते, मध्य भारतात सगळ्यांची नसते.

एक पदरचं सांगते, विषयाला सोडून आहे. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात सिकल आणि थॅलेसेमिया हे वेगवेगळे लिहिलेत. प्रमाणपत्राच्या वेळी कारकून म्हणाला दोन्हीपैकी एकच सांगा. मी म्हटलं, माझ्या मुलीने दोन्ही घेतलंय, तुम्हीच निवडा. डीएनए रिपोर्टाच्या झेरॉक्स जास्तीच्या काढून ठेवा, ओरिजिनल कुणाच्याही हातात देऊ नका.

आणि तुम्ही वाहक निघालात तर तुमच्या सख्ख्या भावाबहिणींनाही तपासायला सांगा, त्यांना निम्मी शक्यता आहे. माझ्या नणंदेने लग्न ठरायच्या आधी एचपीएलसी केलं, तीही मायनर निघाली. मुलाकडच्यांना सांगून त्याचंही करून घेतलं, नॉर्मल आलं, लग्न झालं. शेजारच्या काकू अजून म्हणतात की असलं कुणी आधी सांगतं का.

रिपोर्ट आला की नाव झाकून इथे टाका. एचबीए२, एचबीएफ, एमसीएच (एका तांबड्या पेशीतलं सरासरी हिमोग्लोबिन) हे तिन्ही आकडे दिसू द्या, नाहीतर लोक नुसतंच 'काळजी घ्या' लिहून जातील.