वाचकांचे प्रश्न : २८ दिवसांचं इंजेक्शन

प्रश्न : डॉक्टरबाई, आम्ही खानापूर तालुक्यातले. माझी मुलगी सात वर्षं चार महिन्यांची आहे, मराठी शाळेत दुसरीला. दिवाळीत पहिल्या आंघोळीला उटणं लावताना छातीला हात लागला, तशी "आई, दुखतंय" म्हणून ओरडली. बघितलं तर एका बाजूला सुपारीएवढी गाठ. पुढे दुसऱ्या बाजूलाही आली, उंचीही भराभर वाढली. बेळगावात मोठ्या दवाखान्यात दाखवलं. रक्त, सोनोग्राफी, हाताचा एक्स-रे झाला. हाडांचं वय दहा वर्षं आलं. मुलगी लवकर वयात येतेय, ते थांबवायला दर २८ दिवसांनी इंजेक्शन द्यायचं, डोक्याचा एमआरआय काढायचा असं सांगितलंय. सासूबाई म्हणतात, "शाणी व्हायची ती होऊ दे की. देवाच्या कामात आडवं जाऊ नका, पुढं पोरबाळ व्हायचं नाही." नणंद म्हणते, दूध आणि ब्रॉयलर कोंबडी बंद करा. मालक गप्प आहेत. मी काय करू?

उत्तर : ताई, आधी एक सांगते. उटणं लावताना तुमच्या हाताला जे कळलं, ते तुम्ही वेळेवर मनावर घेतलंत. माझ्याकडे निपाणीत बऱ्याच आया येतात त्या पाळी सुरू झाल्यावर. तोवर बरीच वेळ गेलेली असते.

मुलींमध्ये आठ वर्षांच्या आत आणि मुलग्यांमध्ये नऊच्या आत वयात येण्याची लक्षणं दिसली तर तपासायलाच हवं. पण तपासलेल्या प्रत्येकीला इंजेक्शन लागतं असं नाही. दीड-दोन वर्षांच्या बाळाच्या छातीला नुसती गाठ येते आणि बऱ्याचदा आपसूक जिरते. आठच्या आसपास हळूहळू सुरुवात झालेल्या मुलीला आम्ही नुसतं लक्ष ठेवतो. तुमच्या लेकीचं तसं नाही. दोन्ही बाजू वाढल्या, उंची सुटली, आणि हाडं वयाच्या जवळजवळ तीन वर्षं पुढे गेली. इंजेक्शनचा सल्ला मला बरोबर वाटतो.

हाडांचं वय म्हणजे काय, ते नीट समजून घ्या, कारण सगळा निर्णय त्यावर आहे. लहान मुलाच्या हाडाच्या टोकाशी वाढीची पट्टी असते, एक्स-रेत ती काळ्या रेघेसारखी दिसते. हार्मोन लवकर सुटले की ती जोरात वाढते आणि लवकर मिटते. म्हणून आज तुमची मुलगी वर्गात सगळ्यांत उंच असेल, पण रेघ मिटली की तिथेच थांबेल आणि मैत्रिणी पुढे निघून जातील. सासूबाईंना हेच सांगा. देवाने दिलेली वाढ पुरी व्हावी म्हणूनच हे इंजेक्शन आहे.

ते काम कसं करतं? मेंदूच्या तळाशी पिट्युटरी नावाची वाटाण्याएवढी ग्रंथी असते. वयात येताना तिला वरून थांबून थांबून निरोप येतात, मग ती अंडाशयाला जागं करते. इंजेक्शनातलं औषध त्याच निरोपाची नक्कल आहे, फक्त ते सतत मिळत राहतं. दाराची कडी कुणी दिवसभर वाजवत राहिलं, तर घरातलं माणूस शेवटी उठायचं सोडतं ना, तसंच. म्हणूनच पहिल्या इंजेक्शननंतर ग्रंथी थोडे दिवस उलट जोरात चालते. एखाद्या मुलीला थोडा रक्तस्राव होतो. घाबरू नका, डॉक्टरांना कळवा. दोन महिन्यांनंतरही होत राहिला तर मात्र पुन्हा दाखवायलाच हवं.

पोरबाळाची भीती काढून टाका. हे औषध १९८०च्या दशकापासून मुलांना दिलं जातंय. त्या वेळच्या मुली आज मोठ्या बायका आहेत, त्यांच्या पाळीला आणि मूल होण्याला यामुळे बाधा आलेली दिसलेली नाही. साधारण अकराव्या वर्षाच्या आसपास इंजेक्शन थांबवतात, आणि बहुतेकींना पुढच्या वर्ष-दीड वर्षात पाळी येते, म्हणजे इतर मुलींना येते त्याच वयात.

एमआरआय मुलग्यांमध्ये आणि सहाच्या आतल्या मुलींमध्ये टाळत नाही, कारण त्यांच्यात मेंदूत काही कारण सापडण्याची शक्यता जास्त. सातव्या वर्षी बहुतेक मुलींत काही निघत नाही. तरी सांगितलाय तर काढून घ्या, रात्रीची झोप तरी लागेल.

दूध बंद करू नका, हाडांना हवंच आहे. ब्रॉयलर लवकर वाढते ती जात आणि खाद्यामुळे, तिला हार्मोनचं इंजेक्शन कुणी देत नाही. वजनावर मात्र लक्ष ठेवा, जास्त वजनाच्या मुली लवकर वयात येतात.

आता तारखेचं. औषध पावडरीत असतं, पाण्यात मिसळलं की दुधासारखं होतं आणि लगेच टोचावं लागतं, नाहीतर खाली बसतं. म्हणून सवय असलेल्या सिस्टरकडूनच घ्या. पाकिटावर फ्रिजमध्ये ठेवा असं लिहिलेलं असेल तर बेळगावहून बसने नेताना थर्मासमध्ये बर्फ घालून न्या. आणि महिना मोजू नका, २८ दिवस मोजा. कालनिर्णयवर आत्ताच वर्षभराचे गोल करून ठेवा. माझ्याकडच्या एका मुलीच्या घरी गावच्या लक्ष्मी यात्रेत पाव्हणे होते म्हणून तीन आठवडे उशीर झाला. तेवढ्यात तिची छाती पुन्हा दुखायला लागली, आणि मला त्या आईच्या तोंडाकडे बघवेना. तुमची तारीख १ नोव्हेंबरच्या, म्हणजे आपल्या सीमाभागातल्या काळ्या दिवसाच्या, आसपास आली, तर बंद, मोर्चा, गाड्यांचं काही खरं नसतं, एक-दोन दिवस आधी घेता येईल का ते डॉक्टरांना विचारून ठेवा. दर खेपेला येणं झेपत नसेल तर तीन महिन्यांनी घ्यायचंही इंजेक्शन मिळतं. किमतीत कंपनीप्रमाणे बराच फरक असतो, स्वस्त कुठलं चालेल ते संकोच न करता विचारा. कन्नड येत नाही म्हणून गप्प बसू नका, मराठीत सांगणारी एखादी सिस्टर असतेच.

टोचलेली जागा दोन दिवस दुखते, कधी गाठ येते. डोकं फार दुखून उलट्या झाल्या किंवा अंधुक दिसलं, तर वाट न बघता दाखवा.

लेकीलाही सांगा. "तुझं अंग थोडं घाईत मोठं होतंय, त्याला हळू चालायला सांगायचं औषध आहे," एवढं तिला कळतं. ती दहाची दिसते, पण सातचीच आहे. "एवढी मोठी झालीस, अजून रडतेस?" असं तिला कुणी म्हणायचं नाही, हे शाळेत बाईंनाही सांगून ठेवा.

आणि पुढच्या खेपेला सासूबाईंना बरोबर न्या. डॉक्टरांना एक्स-रे उजेडावर धरायला सांगा आणि मनगटाजवळची ती काळी रेघ त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी बघू दे.