केम्प्स कॉर्नरचा ‘केम्प’ म्हणजे पैलवान

प्रश्न : केम्प्स कॉर्नरला पूर्वी लष्कराचा कॅम्प होता, त्यावरून हे नाव पडलं असं आमच्याकडे सांगतात. खरं काय? ‘केम्प’ला काही अर्थ आहे का? (एक वाचक, गिरगाव)

उत्तर : हे नाव छावणीवरून आलेलं नाही. त्या नाक्यावर केम्प अँड कंपनी या औषधविक्रेत्यांचं दुकान होतं, त्याचं नाव नाक्याला लागलं. आडनाव मात्र जुनं आहे आणि अर्थानं दणदणीत आहे. जुन्या इंग्रजीत ‘केम्पा’ म्हणजे योद्धा. मधल्या काळात ‘केम्पे’ म्हणजे कुस्ती मारणारा मल्ल, दांडगा गडी असाही अर्थ रुळला. आपल्याकडे गावात एखाद्याला ‘पैलवान’ म्हणतात आणि त्याचं खरं नाव मागे पडतं, तसाच हा प्रकार.

सुरुवातीला हे नाव त्या माणसापुरतंच असे. मुलाला दुसरंच काही म्हणत. १०६६ च्या नॉर्मन विजयानंतरच्या तीनेकशे वर्षांत इंग्लंडमध्ये आडनावं बापाकडून मुलाकडे जाऊ लागली. पैलवान गावोगाव होते, त्यामुळे दोन केम्प घराणी एकमेकांची भाऊबंद असतीलच असं नाही. हे ध्यानात न घेतल्यानं पुष्कळांची वंशावळ चुकते.

शब्दाचं मूळ लॅटिन ‘काम्पुस’, म्हणजे मैदान. जर्मानिक टोळ्यांनी तो रोमनांकडून घेतला; मैदानाची झाली लढाई आणि लढाईवरून लढणारा. जर्मनमध्ये लढ्याला आजही ‘काम्फ’ म्हणतात. हेच मूळ फ्रेंचच्या वाटेनं गेलं तिथे ‘क’चा ‘च’ झाला आणि इंग्रजीला ‘चॅम्पियन’ मिळाला. ‘कॅम्प’ही त्याच मैदानातला, पण इंग्रजीत आला सोळाव्या शतकात. तोवर केम्प आडनाव चांगलं मुरलेलं होतं.

आपली जीवनकथा लिहवून घेणारी, इंग्लंडच्या नॉरफोकमधल्या लिन गावची मार्जरी केम्प चौदाव्या-पंधराव्या शतकातली. तिला हे आडनाव नवऱ्याकडून मिळालं. विल केम्प हा नट १६०० साली लंडनपासून नॉर्विचपर्यंत नाचत गेला. दोघांच्याही नावाच्या शेवटी कधी ‘ई’ अक्षर दिसतं, कधी नाही. त्या काळी स्पेलिंग ठरलेलंच नव्हतं, म्हणून ‘ई’वरून घराणं ओळखायला जाऊ नये. ‘केम्पस्टर’ला मात्र या कुळात ओढू नका. ते लोकर विंचरणाऱ्या बाईच्या धंद्याचं नाव. बंगळुरूच्या केम्पेगौडांचाही इथे संबंध नाही. कन्नडमध्ये ‘केंपु’ म्हणजे तांबडा.

प्रश्न : सूनबाईच्या आजीचं माहेरचं आडनाव केम्प. त्या आजीचे आजोबा मुंबईत रेल्वेत होते. पुढचा शोध कसा घ्यावा? (एक वाचक, वडाळा)

उत्तर : आधी आजीच्या आईवडिलांची लग्ननोंद मिळवा. बाप्तिस्म्याच्या नोंदीत आईचं माहेर बहुधा नसतं, लग्ननोंदीत वधूवरांच्या वडिलांची नावं मिळतात. मुंबई इलाख्यातल्या चर्चच्या नोंदींच्या प्रती लंडनला जात. त्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या (भारताचा कारभार पाहणाऱ्या ब्रिटिश सरकारी खात्याच्या) दप्तरात ‘एन/३’ या क्रमांकाखाली आहेत.

आजोबा इंग्लंडहून आलेले निघाले, तर तिथली सरकारी जन्म-विवाह-मृत्यू नोंदणी १ जुलै १८३७ पासूनची आहे. त्याआधीचं पॅरिशच्या, म्हणजे स्थानिक चर्चच्या, वह्यांत पाहायचं. त्या ठेवण्याचा हुकूम १५३८ चा. १९३१ ची खानेसुमारी १९४२ च्या आगीत जळाली आणि १९४१ ला ती झालीच नाही, त्यामुळे तिथे वेळ घालवू नका.

सर्वांत जास्त घोळ होतो तो तारखांचा. १७५२ पूर्वी इंग्लंडचं वर्ष २५ मार्चला सुरू होई. वहीत ‘१० फेब्रुवारी १७२३’ असेल, तर आपल्या हिशेबानं ते १७२४. हे विसरलात, तर १७२३ च्या मे महिन्यातल्या लग्नाआधीच मूल जन्मलेलं दिसेल आणि बरोबर जुळलेलं जोडपं तुम्ही उगाच खोडून टाकाल. अशा नोंदी उतरवताना दोन्ही वर्षं, ‘१७२३/२४’ अशी, लिहून ठेवा.