गाडीतल्या स्पीकरचं नंतर बघू, आधी बाबांचे 4 लाख परत घ्या

साताऱ्याहून एका वाचकाचं पत्र आलंय, थोडक्यात देते.

"ताई, नमस्कार. वय 34, हातात पगार 54 हजार, बायको आणि 4 वर्षांची मुलगी. रोज सातारा ते शिरवळ गाडीने जातो-येतो. वॅगनआर सीएनजी, घेऊन एक वर्ष झालं. कंपनीच्या सिस्टीमचा आवाज अगदी पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा येतो. दुकानदाराने नवीन सिस्टीमचं 76,500 चं कोटेशन दिलंय. सेव्हिंगला 70 हजार आहेत, पण पुढच्या महिन्यात पॉलिसीचा 1 लाखाचा तिसरा हप्ता आहे, त्याला बोनस पुरेल. मग सिस्टीम रोख घेऊ की 18 महिन्यांच्या नो कॉस्ट ईएमआयवर? पॉलिसी चांगली आहे, बँकेतल्या साहेबांनी दिली, 10 लाखांचे 20 लाख होणार. बाबा एसटीतून रिटायर झाले, वय 61, त्यांचे पण 4 लाख मागच्या पंधरवड्यात त्याच साहेबांकडे टाकलेत, एफडीपेक्षा जास्त मिळतं म्हणून." सोबत दोन्ही पॉलिसींच्या पहिल्या पानाचे आणि कोटेशनचे फोटो.

दादा, प्रश्न स्पीकरचा आहे पण मी शेवटच्या ओळीपासून सुरू करते, कारण तिथे दिवस मोजून उरलेत.

बाबांच्या पॉलिसीच्या फोटोत मधला चौकोन झूम करून बघा. प्रीमियम 4,00,000. मोड वार्षिक. प्रीमियम भरायची मुदत 7 वर्षं, पॉलिसीची मुदत 15 वर्षं. म्हणजे बाबांनी 4 लाख "टाकले" नाहीत, दर वर्षी 4 लाख भरायचं कबूल केलंय, सात वर्षांत 28 लाख, आणि पैसे मिळणार ते 76 वर्षांचे झाल्यावर. एसटीतून रिटायर झालेला माणूस पुढच्या वर्षी दुसरे 4 लाख आणणार कुठून? ही एफडी नाहीच. एफडी मोडायला आलेल्या म्हाताऱ्या माणसाला चहा पाजून, कन्फर्मेशन कॉल आला की सगळ्याला हो म्हणा असं पढवून गळ्यात मारलेली पॉलिसी आहे, आणि असली कागदं मी इतकी बघते की आता खरंच संताप होतो.

पण सुटका आहे. पॉलिसी बाँड हातात आल्यापासून 30 दिवसांत फ्री लूकमध्ये परत करता येते, कारण एवढंच लिहायचं की सांगितलेल्या अटी आणि छापलेल्या अटी वेगळ्या आहेत. स्टँप ड्युटी, मेडिकल झालं असेल तर त्याचा खर्च आणि तेवढ्या दिवसांचा विम्याचा खर्च कापून बाकी सगळे पैसे परत येतात. अर्ज बाबांच्या सहीने, थेट विमा कंपनीला ईमेल करा आणि कंपनीच्या शाखेत कागदावर देऊन शिक्का मारलेली पोच घ्या. बँकेतल्या साहेबांच्या हातात अर्ज देऊ नका, ते "मी बघतो" म्हणतील आणि बघता बघता तीस दिवस जातील. कंपनीने टाळाटाळ केली तर आयआरडीएआयच्या, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेच्या, बीमा भरोसा पोर्टलवर तक्रार करा किंवा 155255 ला फोन लावा, त्यानंतर पुण्यात विमा लोकपाल आहेतच, तिथे फी लागत नाही. पैसे आले की पोस्टात सीनियर सिटीझन सेव्हिंग स्कीम, सध्या 8.2 टक्के, 4 लाखांवर दर तिमाहीला 8,200 रुपये बाबांच्या खात्यात. त्यांना हेच हवं होतं ना.

आता तुमची. 10 वर्षं लाख-लाख भरायचे आणि 20 व्या वर्षाच्या शेवटी 20 लाख. दुप्पट ऐकायला बरं वाटतं, पण सरासरी प्रत्येक हप्ता साडेपंधरा वर्षं अडकतो, म्हणजे व्याज पडतं साडेचार टक्क्यांच्या आसपास. पीपीएफला सध्या 7.1 आहे. "दोन लाख भरून झालेत, आता सोडलं तर नुकसान" हेच तुमच्या मनात येणार, म्हणून हिशोब पुढचाच करू. ते दोन लाख विसरा. उरलेले 8 हप्ते पॉलिसीऐवजी पीपीएफमध्ये गेले तर 7 टक्क्यांनी त्याच तारखेला साधारण साडेएकवीस लाख होतात. आठ लाखांतच पॉलिसीच्या पुढे, मग पुढचा हप्ता कशासाठी भरायचा? टॅक्ससाठी म्हणाल तर तुमच्या पगाराला नवीन रेजीममध्ये टॅक्स शून्य आहे.

दोन हप्त्यांनंतर हमीची सरेंडर व्हॅल्यू, म्हणजे पॉलिसी मध्येच बंद केली तर हातात येणारी रक्कम, भरलेल्या पैशांच्या साधारण 30 टक्के, म्हणजे 60 हजार धरा, पॉलिसी ऑक्टोबर 2024 नंतरच्या नियमांतली असेल तर जास्त निघेल. कंपनीकडून दोन आकडे लेखी मागवा, आज सरेंडर केली तर किती आणि पेड-अप ठेवली, म्हणजे हप्ते थांबवून कमी रकमेवर तशीच चालू ठेवली, तर 20 व्या वर्षी किती. 60 हजारांचे 18 वर्षांत 7 टक्क्यांनी 2 लाख होतात. पेड-अपचा आकडा त्याच्या वर असेल तर तशीच पडू द्या, खाली असेल तर पैसे काढून मोकळे व्हा. कुठलंही करा, पण हप्ता थांबवा, आणि बँकेतलं ऑटो डेबिट मँडेट आधी बंद करा नाहीतर तारखेला पैसे गेलेच समजा.

अजून एक, या पॉलिसीत तुमच्या जीवाचा विमा फक्त 10 लाख आहे. रोज शंभरच्या वर किलोमीटर हायवेला, वाटेत खंबाटकीचा घाट, घरी चार वर्षांची पोरगी, आणि विमा दीड वर्षाच्या पगाराएवढा. सिगरेट नसेल तर 1 कोटीचा टर्म प्लॅन, म्हणजे परतावा नसलेला निव्वळ जीवाचा विमा, वर्षाला 12 ते 15 हजारांत बसतो, सप्टेंबर 2025 पासून त्यावर जीएसटी पण नाही. तो मिळाल्यावरच जुनी सोडा.

आता स्पीकर. तुमची हौस मला अजिबात उधळपट्टी वाटत नाही, रोज अडीच-तीन तास ज्या डब्यात बसायचं तिथला आवाज चांगला असावाच. पण कोटेशन वाचलं तर त्यात 11,500 ची 12 इंची सबवूफरची पेटी आहे. दादा, तुमच्या डिकीत सीएनजीची टाकी आहे! पेटी ठेवणार कुठे, मुलीच्या मांडीवर? सबवूफर गेला की 12 हजारांच्या ॲम्प्लिफायरची पण घाई नाही, मागचे 7 हजारांचे स्पीकर तुम्ही एकटेच पुढे बसता म्हणून नकोत, आणि 22 हजारांचा टचस्क्रीन नको कारण ब्लूटूथ कंपनीच्या सेटला आहे. कंपनीच्या सेटमध्ये खरी कमतरता असते ती कागदी कोनच्या हलक्या स्पीकरची आणि पोकळ दाराच्या पत्र्याची. पुढच्या दोन दारांना डॅम्पिंग शीट (पत्र्याची थरथर थांबवणारा चिकट थर) आणि एक बरी कंपोनंट जोडी (जाड आणि बारीक आवाजाचे वेगवेगळे स्पीकर), 18 ते 20 हजारांत होतं आणि फरक पहिल्याच दिवशी कळतो. बसवताना समोर उभे राहा, वायर कापू देऊ नका, कपलर (गाडीच्या मूळ प्लगला बसणारा तयार जोड) लावूनच जोडायला सांगा, गाडी अजून वॉरंटीत आहे. आणि बिल विमा कंपनीला कळवा, बाहेरून बसवलेल्या इलेक्ट्रिकल ॲक्सेसरीजना किमतीच्या 4 टक्के जादा प्रीमियम असतो, 20 हजारांना 800 रुपये, नाहीतर चोरी झाली तर क्लेममध्ये त्याचं काही मिळत नाही.

ईएमआय नकोच. नो कॉस्ट म्हणतात त्यात प्रोसेसिंग फी असते, व्याजावर 18 टक्के जीएसटी असतो, आणि एक हप्ता चुकला की कार्डाचं महिन्याला साडेतीन टक्के सुरू होतं. हप्त्याचे जे 1 लाख वाचले त्यातून टर्मला 14 हजार, स्पीकरला 20, उरलेले 66 आणि सेव्हिंगचे 70 हात न लावता बाजूला, नोकरीचं काही झालं तर अडीच महिने पगाराइतके. पुढच्या वर्षीपासून महिना 8 हजार पीपीएफला.

पण हे सगळं पुढच्या आठवड्यात केलं तरी चालेल. बाबांचा बाँड घरी कुठल्या तारखेला आला ते पत्रात नाही. पोस्टाचं पाकीट जपलं असेल तर त्यावर बघा, ईमेलने आला असेल तर ईमेलची तारीख धरतात. आज रात्री बाबांना विचारा आणि मला कळवा, अर्जाचा मसुदा मी लगेच पाठवते.