बॅटरी दुरुस्तीमुळे वडिलांच्या रक्तात शिसं वाढलंय. लसूण-हळदीने उतरेल का?

लसणाला थोडा आधार आहे. इराणमध्ये कार-बॅटरी कारखान्यातल्या कामगारांवर झालेल्या, 2012 साली छापून आलेल्या चाचणीत लसणाच्या गोळ्यांनी सौम्य ते मध्यम विषबाधेत रक्तातलं शिसं पेनिसिलामाइन या औषधाइतकंच कमी केलं. पण ती एकच छोटी चाचणी, आणि गोळ्या ठरलेल्या मात्रेच्या होत्या. शेवभाजीतला किंवा ठेच्यातला लसूण म्हणजे ते औषध नव्हे. हळदीतल्या कुरकुमिनचे पुरावे मुख्यतः उंदरांवरचे आहेत. शिवाय सुटी, भडक पिवळी हळद घेऊ नका. रंगासाठी तिच्यात लेड क्रोमेट, म्हणजे शिसंच, मिसळल्याचं आढळलंय.

खरा उपयोग साध्या जेवणाचा. उपाशीपोटी शिसं जास्त शोषलं जातं, कॅल्शियम आणि लोह कमी असेल तर आणखीच. म्हणून वडिलांना सकाळी कळण्याची भाकरी, दही, तिळाची चटणी खाऊनच कामावर पाठवा. कामाच्या जागी डबा उघडू देऊ नका. कपडे तिथेच बदलायचे, घरी वेगळे धुवायचे. लहान मुलं असतील तर त्यांचंही रक्त तपासा, हे कृपा करून टाळू नका.

पोटात कळा, हातात अशक्तपणा किंवा गोंधळल्यासारखं वाटत असेल तर आजच डॉक्टरांकडे न्या. शिसं बाहेर काढणारी औषधं त्यांच्याच देखरेखीखाली घ्यायची असतात.