पन्हाळा–पावनखिंड दोन दिवसांत पहिल्यांदाच चालायचं आहे. तयारी कशी करू?

उत्तर: जमलं तर १२-१३ जुलैच्या आसपासचा शनिवार-रविवार सोडा. १६६० च्या रणसंग्रामाच्या स्मरणार्थ तेव्हा मोठाले गट निघतात, वाटेतल्या वाड्यांत पाठ टेकायला जागा मिळत नाही. ऑगस्टमध्येही मसाई पठार तितकंच हिरवंगार असतं. मुक्काम मात्र आधीच ठरवा. करपेवाडी-आंबेवाडी भागात राहिलात तर दुसरा दिवस हलका जातो.

अंतर साधारण ५० किलोमीटर, पण खरा कस चिखलात लागतो. त्यामुळे पकड असलेले, वापरून पायाला बसलेले बूटच घाला. कोरडे कपडे प्लास्टिकच्या पिशवीत बांधा, जळवांसाठी मीठ ठेवा. आणि कृपा करून भाताचे बांध तुडवू नका, शेतकऱ्याचं वर्षाचं पोट त्यावर आहे. पावनखिंडीहून मलकापूरमार्गे कोल्हापूरला यायची गाडी निघण्याआधीच सांगून ठेवा.